मदत हवी आहे: मोंझाचं जुनं बँकिंग १:१००० मॉडेलमध्ये

दादरच्या प्रदर्शनासाठी इटलीतल्या मोंझा या कार-शर्यतीच्या मैदानाचा १९५५चा १० किमीचा जोड ट्रॅक करतोय. रोड सर्किट आणि ओव्हल (लंबगोल ट्रॅक), दोन्ही. अडतंय बँकिंगपाशी, म्हणजे ओव्हलच्या वळणावरच्या तिरक्या रस्त्यापाशी. वळणाचा उतार वर चढत जाऊन ८० टक्क्यांपर्यंत, म्हणजे जवळपास ३९ अंशांवर जातो. सपाट कागदाची पट्टी वाकवली की वरच्या कडेला सुरकुत्या पडतात, कारण वक्रता दोन दिशांची आहे. उंची दुप्पट दाखवली तर उतार ५८ अंश होतो, तो रस्ता नाही, भिंतच!

पट्टीचे तुकडे करावेत की फोम कोरून वर पुट्टी? ओव्हल रोड सर्किटच्या वरून पुलाने जातो, त्या पुलाखाली जागा कशी ठेवायची? एमडीएफ (लाकडाच्या तंतूंचा दाबून केलेला बोर्ड) पावसाळ्यात फुगतो, म्हणून मॉडेलच्या पायाला पर्याय सुचवा. मुंबईत थ्रीडी प्रिंट परवडेल असं ठिकाणही सांगा.