ब्रेट हार्टला खरंच फसवलं होतं का? मॉन्ट्रियल १९९७ बद्दल विचारायचंय

हिटमॅन_नाशिक

लहानपणापासून डोक्यात बसलेला प्रश्न आहे, आज विचारूनच टाकतो. आम्ही नाशिकला चाळीत राहायचो, अख्ख्या मजल्यावर एकाच घरी केबल होती आणि डब्ल्यूडब्ल्यूएफ, म्हणजे अमेरिकन कुस्तीचा शो, लागला की सगळी पोरं त्यांच्या दारात. ट्रम्प कार्ड खेळताना ब्रेट हार्टचं कार्ड मी डावात कधी लावलंच नाही, हरलो तर दुसऱ्याकडे जाईल म्हणून वेगळं खिशात ठेवायचो. तो गुलाबी-काळा ड्रेस, आणि मॅचच्या आधी स्वतःचा गॉगल काढून पहिल्या रांगेतल्या एखाद्या पोराच्या डोळ्यावर चढवायचा ते तर मला फार आवडायचं. मग एक दिवस तो दिसायचाच बंद झाला. कोणी म्हणायचं मेला, कोणी म्हणायचं मालकाला मारलं म्हणून जेलमध्ये टाकलाय. आम्हाला कुठलं काय कळणार तेव्हा.

आता इंटरनेटवर बरंच वाचलं, मॉन्ट्रियल स्क्रूजॉब वगैरे, म्हणजे १९९७ ला मॉन्ट्रियलच्या मॅचमध्ये ठरलेला निकाल ब्रेटला न सांगता बदलून त्याला हरवलं ते. पण माझा मेव्हणा ठामपणे म्हणतो की ते सगळं आधीच ठरलेलं होतं, ब्रेट आणि कंपनीचा मालक व्हिन्स मॅकमॅहन दोघंही त्यात सामील होते, कुस्ती खोटी तर भांडण पण खोटं. मला ते पटत नाही पण उत्तर देता येत नाही. आणि दुसरं म्हणजे, निकाल ठरवूनच लागतात तर मग ब्रेट सरळ हरला का नाही? एवढं काय अडलं होतं? जाणकारांनी प्लीज सांगा.

ओटावाचा_अभय

मित्रा तुझ्या मेव्हण्यासारखं म्हणणारे खूप आहेत, काही जुने रेसलरही तेच म्हणतात. मी कॅनडात नोकरीला आलो तेव्हा ऑफिसातले लोक या विषयावर अजून तावातावाने बोलतात हे बघून चकित झालो होतो, मग मी पण मुळापासून सगळं वाचून काढलं. थोडं लांबेल, सांभाळून घे.

१९९६ च्या शरद ऋतूत ब्रेटला डब्ल्यूसीडब्ल्यूकडून, म्हणजे समोरच्या कुस्ती कंपनीकडून, जबरदस्त पैशाची ऑफर होती. ती नाकारून तो व्हिन्सकडे राहिला आणि व्हिन्सने त्याच्याशी २० वर्षांचा करार केला. वीस वर्षं! या धंद्यात असा करार कोणी ऐकला नव्हता. वर्ष व्हायच्या आत व्हिन्सच म्हणाला की कंपनीची आर्थिक हालत वाईट आहे, हा करार मला झेपणार नाही, तू डब्ल्यूसीडब्ल्यूशी बोलून घे. म्हणजे बाहेरचं दार मालकाने स्वतः दाखवलं, ब्रेट पळून गेला नाही, हे आधी लक्षात घे कारण अफवांमध्ये नेमकं हेच उलटं सांगतात.

आता अडचण अशी की ऑगस्ट १९९७ मध्ये समरस्लॅम या मोठ्या शोला अंडरटेकरला हरवून ब्रेट चॅम्पियन झालेला. जायच्या आधी बेल्ट कोणाला तरी द्यायला पाहिजे. व्हिन्सला तो शॉन मायकल्स या दुसऱ्या स्टार रेसलरला द्यायचा होता, तोही ९ नोव्हेंबरला मॉन्ट्रियलच्या मोल्सन सेंटरमध्ये. ब्रेट म्हणाला दुसरीकडे कुठेही हरतो, पण कॅनडात शॉनकडून नाही. त्या वर्षभर कथेत तो अमेरिकेच्या विरोधात उभा राहिलेला कॅनडाचा हीरो होता, कॅल्गरीच्या शोमध्ये लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं होतं. आणि त्याच्या करारात स्पष्ट कलम होतं की शेवटच्या ३० दिवसांत त्याच्या पात्राचं काय होणार यात त्याचा शब्द चालेल. म्हणजे तो हट्ट करत नव्हता, लिहून दिलेला हक्क मागत होता.

शॉनशी वाकडं आधीपासून होतं. शॉनने टीव्हीवर ब्रेटच्या बाहेरख्यालीपणाबद्दल सूचक बोलून ठेवलं, ब्रेटला घरी बायको आणि चार मुलं. जूनमध्ये दोघांची ड्रेसिंग रूममध्ये खरोखरची मारामारी झाली, शॉनचे केस उपटून निघाले. तरीपण नंतर ब्रेटने जाऊन सांगितलं की मला तुझ्याकडून हरायला काही हरकत नाही, तर शॉनचं उत्तर आलं की मी मात्र तुझ्यासाठी तसं करणार नाही. मला विचाराल तर सगळं तिथेच फाटलं.

त्या दिवशी दुपारी व्हिन्स आणि ब्रेटची बोलणी झाली. मारामारीत बाकीचे मध्ये घुसतील, मॅच निकालाशिवाय डिसक्वालिफिकेशनवर संपेल, आणि दुसऱ्या दिवशी ओटावाच्या शोमध्ये ब्रेट बेल्ट परत देऊन निरोप घेईल, असं ठरलं. व्हिन्स हो म्हणाला. हे कशावरून? तर पॉल जे नावाच्या दिग्दर्शकाची टीम तेव्हा ब्रेटवर डॉक्युमेंटरी करत होती आणि ब्रेटच्या अंगावर लपवलेला माइक होता. व्हिन्सचा तो होकार रेकॉर्ड झालेला आहे, ऐकायला मिळतो.

दादर_पश्चिम

अभय सगळं बरोबर पण दुसरी बाजू पण मांडायला पाहिजे. डिसेंबर १९९५ मध्ये महिला चॅम्पियन अलंड्रा ब्लेझ डब्ल्यूसीडब्ल्यूत गेली आणि तिने लाइव्ह टीव्हीवर डब्ल्यूडब्ल्यूएफचा बेल्ट कचऱ्याच्या डब्यात टाकला. सगळ्यांनी बघितलं ते. आता तोच प्रकार मुख्य बेल्टचा झाला असता तर? त्या वेळी डब्ल्यूसीडब्ल्यूचा टीव्ही शो नायट्रो दर सोमवारी डब्ल्यूडब्ल्यूएफच्या रॉला मागे टाकत होता, कंपनी बुडायच्या वाटेवर होती. ब्रेटने तसं केलं असतं असं मी म्हणत नाही, तो जुन्या वळणाचा माणूस. पण समोरच्या कंपनीने नुसतं जाहीर केलं असतं की तुमचा चॅम्पियन आमच्याकडे येतोय, तरी नाक कापलं गेलं असतं. मालक म्हणून व्हिन्सची झोप उडणं साहजिक होतं. ब्रेटने पण थोडं मागे यायला हवं होतं, मॉन्ट्रियल काय त्याचं गाव नव्हे, तो कॅल्गरीचा.

तालमीतला

मी कोल्हापूरकडचा, आजोबा आणि चुलते दोघंही तालमीत वाढलेले, म्हणून एक वेगळी गोष्ट सांगतो.

आपल्याकडे ठरवून केलेल्या कुस्तीला नुरा कुस्ती म्हणतात आणि ती शिवी आहे, खऱ्या मैदानात नुरा खेळला की लोक त्या पैलवानाला उभं करत नाहीत. त्यामुळे घरात डब्ल्यूडब्ल्यूएफ लावलं की आजोबा उठून जायचे. मलाही बरीच वर्षं वाटायचं की खोट्याच कुस्तीत कसली आलीय फसवणूक. मग एकदा नीट विचार केला. खऱ्या कुस्तीत समोरचा तुला पाडायलाच आलाय हे तुला माहिती असतं, तू अंग चोरून, सावध असतोस. या कुस्तीत तू स्वतःहून अंग सैल सोडतोस, मान त्याच्या हातात देतोस, डोक्यावर आपटणार त्याने तुझा मणका सांभाळायचा असतो. सगळा धंदा समोरच्याच्या शब्दावर. म्हणून इथे शब्द मोडणं हे खऱ्या आखाड्यातल्या दगाबाजीपेक्षा मोठं आहे असं माझं मत झालंय.

आणि ब्रेटला लोकांनी सावध केलं होतं. व्हेडर या रेसलरने सांगितलेलं की पाठीवर पडून राहू नकोस, कोणाच्या पकडीत अडकू नकोस. ब्रेट म्हणाला रेफरी अर्ल हेबनर माझा माणूस आहे. ब्रेट सांगतो त्याप्रमाणे हेबनरने त्याला मुलांची शपथ घालून सांगितलं होतं की मी असलं काही करणार नाही.

मॅच बघा एकदा. शॉन शार्पशूटर लावतो, म्हणजे ब्रेटचाच डाव ब्रेटला. ठरल्याप्रमाणे ब्रेट तो उलटवणार असतो आणि त्याचा हात शॉनच्या पायाकडे जातोय हे स्पष्ट दिसतं. तेवढ्यात रिंगच्या कडेला आलेला व्हिन्स ओरडतो घंटा वाजव. घंटा वाजते. ब्रेटने हार मानलेली नाही, साधा हात आपटलेला नाही. आणि हेबनर? रिंगमधून उडी टाकून जो पळाला तो थेट बाहेर तयार असलेल्या गाडीत.

मग ब्रेट उभा राहून खाली बघतो आणि व्हिन्सच्या तोंडावर थुंकतो. नेम चुकत नाही. नंतर टीव्हीचे मॉनिटर फोडतो आणि चारी बाजूच्या लोकांकडे वळून हवेत बोटाने डब्ल्यू-सी-डब्ल्यू अशी अक्षरं काढतो. तो माणूस त्या क्षणी नाटक करतोय असं ज्याला वाटतं त्याने त्याचा चेहरा बघावा.

दादरवाले भाऊ, तुम्ही म्हणता ते मालकाच्या जागेवरून ठीक असेल. पण मग दुपारी समोर बसवून हो का म्हणायचं? नाही म्हणायचं, कोर्टात जायचं, शो रद्द करायचा. हो म्हणून मागून घंटा वाजवणं हे मला नाही पटत.

मृण्मयी_के

अफवांबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. कोणाकोणाला माहिती होतं हा प्रश्न पंचवीस वर्षं चघळला गेलाय. शॉनने त्या रात्री रागाचा आव आणला, जणू त्यालाही धक्का बसलाय, आणि पुढची काही वर्षं तो नाहीच म्हणत राहिला, नंतर कबूल केलं. शॉनचा मित्र असलेला रेसलर ट्रिपल एच, त्याला ब्रेटच्या बायकोने कॉरिडॉरमध्ये गाठून तोंडावर विचारलं तेव्हा तो देवाची शपथ घेऊन म्हणाला मला काही माहिती नाही, ते कॅमेऱ्यात आहे, आणि तोही सामील होता हे पुढे बाहेर आलं. गंमत बघा, कल्पना नक्की कोणाची यावरही भांडण, कंपनीत शोच्या कथा ठरवणाऱ्यांपैकी जिम कॉर्नेट म्हणतो माझी, व्हिन्स रूसो म्हणतो माझी. एवढ्या वाईट गोष्टीचं श्रेय घ्यायला माणसं पुढे येतात हे मला अजून कळत नाही.

ड्रेसिंग रूममध्ये पुढे काय झालं ते तर सगळ्यांना माहिती आहे. अंडरटेकरने जाऊन व्हिन्सला सुनावलं की ब्रेटला तोंड दाखव, व्हिन्स गेला, आणि ब्रेटने एका ठोशात त्याला आडवा केला. हिटमॅन_नाशिक, तुमच्या चाळीतल्या मोठ्या पोरांची मालकाला मारल्याची बातमी खरी होती, जेल तेवढी खोटी.

ते सगळं ठरवून होतं म्हणणाऱ्यांना माझा एकच प्रश्न आहे. रिक रूडसारखा रेसलर सोडून गेला, जिम नाइडहार्ट आणि डेव्हीबॉय स्मिथ गेले, मिक फोली निषेध म्हणून एका शोला आला नाही. एवढी माणसं नाटकासाठी पोटावर पाय मारून घेतील? मागे राहिला तो धाकटा भाऊ ओवेन, त्याला करारातून सोडलंच नाही. २३ मे १९९९ ला कॅन्सस सिटीत छतावरून दोरीने खाली येताना तो पडून गेला आणि शो पुढे चालू ठेवला. मी तेव्हा सातवीत होते, बातमी पेपरात आतल्या पानावर चार ओळींत वाचली आणि दिवसभर कोणाशी बोलले नाही. घंटा वाजवलेली एक वेळ ब्रेटने कधीतरी सोडून दिली असती, पण ओवेननंतर ते कसं शक्य होतं? ठरवून केलेल्या नाटकात भावाचा जीव जात नाही.

दादर_पश्चिम

मृण्मयी, ओवेनबद्दल तू म्हणतेस त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. तो शो थांबवायलाच हवा होता, तिथे मी कुठल्याच मालकाची बाजू घेणार नाही. आणि दुपारच्या होकाराबद्दल तालमीतला यांचं म्हणणंही मान्य. बेल्टच्या भीतीबद्दल मात्र माझं मत तेच राहील.

एक जोडतो, असं पहिल्यांदा घडलं नव्हतं. नोव्हेंबर १९८५ मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनला महिला चॅम्पियन वेंडी रिक्टरचा पैशावरून कंपनीशी वाद चालू होता, तर मुखवट्याआड फॅब्युलस मूला या दुसऱ्या रेसलरला घुसवून तिचा बेल्ट असाच काढून घेतला. ती रिंगच्या कपड्यांतच निघून गेली. तिच्या नावाने पुढे कोणी घोषणा दिल्या नाहीत याचं मला वाईट वाटतं.

ओटावाचा_अभय

वेंडीचं नाव काढलंस ते फार बरं केलंस.

राग इतकी वर्षं का टिकला त्याबद्दल माझं मत सांगतो. ब्रेटला एका गोष्टीचा प्रचंड अभिमान आहे, की एवढ्या वर्षांत त्याच्या हातून समोरचा कोणी जायबंदी झाला नाही. वडील जिथे कुस्ती शिकवायचे त्या तळघरात, त्या डंजनमध्ये, तो हेच शिकला. आता त्याचे राग बघ. शॉनवर राग, हेबनरवर राग, आणि डब्ल्यूसीडब्ल्यूतल्या गोल्डबर्गवर तर आजही. डिसेंबर १९९९ मध्ये गोल्डबर्गची लाथ डोक्यावर बसली, मेंदूला मार लागला आणि पुढच्या वर्षी करिअर संपलं. २००२ मध्ये सायकल चालवताना पडून स्ट्रोक आला तो वेगळाच. तालमीतला भाऊ म्हणाले ना मान हातात द्यायची, तेच हे. ब्रेट हरल्याबद्दल कधीच रडला नाही, शंभर वेळा हरलाय. ज्याच्या भरवशावर अंग सोडलं त्याने सांभाळलं नाही, एवढंच तो परत परत सांगतोय.

आणि विसरले तर प्रेक्षकही नाहीत. हेबनर कुठेही दिसला की लोक तू ब्रेटला फसवलंस म्हणून ओरडायचे. ऑगस्ट २००५ मध्ये शॉन मॉन्ट्रियलला आला तेव्हा त्याने मुद्दाम ब्रेटचं गाणं वाजवायला लावलं. अख्खं स्टेडियम वेडं झालं, लोक दरवाजाकडे बघत उभे, आणि आलं कोणीच नाही. आठ वर्षांनी त्याच गावातल्या लोकांच्या जखमेवर असं मीठ. तो क्लिप बघ, लोकांचे आवाज ऐक.

समेट शेवटी ४ जानेवारी २०१० ला झाला. ब्रेट रॉमध्ये परतला, शॉनला रिंगमध्ये बोलावून समोरासमोर बोलला, हात मिळवला आणि मग मिठी. शॉनबाबत तो खराच निवळला असं मला वाटतं, त्यानंतर त्याच्याबद्दल वाकडं बोललेलं माझ्या कानावर नाही.

हिटमॅन_नाशिक

सगळ्यांचे मनापासून आभार. तालमीतला, तुम्ही सांगितलं म्हणून मॅच परत लावली आणि तो हात दिसला, शॉनच्या पायाच्या दिशेने जाणारा. आधी चार वेळा बघूनही लक्षात आलं नव्हतं कारण मी दर वेळी व्हिन्सकडे बघत होतो. तिथे थांबवून मेव्हण्याला स्क्रीनशॉट पाठवलाय. अजून निळ्या टिका आल्या नाहीत. २००५ चा क्लिप आज रात्री पोरगी झोपली की बघतो.