बाळंतपणानंतर पाळीचा घोळ, लवकर सांगा (मदत हवी आहे)

पिल्लूचीआई:
पाळी एकदा येऊन गेली, मग दीड महिना पत्ता नाही. परवापासून नुसते तपकिरी डाग. ही पाळी धरायची का? पंधरवड्यात नणंदेचं लग्न आहे, घरात देवक बसणार. पाळी पुढे ढकलायची गोळी घेतली तर चालेल ना? फक्त नाव सांगा. 'डॉक्टरांना विचारा' हे मलाही कळतं.

कृष्णाकाठ:
बाळ केवढं? अंगावर पितं का? काहीच न सांगता गोळीचं नाव कसं सांगणार?

पिल्लूचीआई:
सात महिन्यांचं. अंगावरच पितं, अजून काय! हल्ली नाचणीची पेज आणि वरणाचं पाणी देते. सिझर झालंय. पण याचा पाळीशी काय संबंध?

मधुमालती:
सिझरचा नाही, दुधाचा आहे. पाजताना प्रोलॅक्टिन हे हार्मोन वाढतं, ते बीज तयार होऊ देत नाही. म्हणून कुणाला वर्षभर पाळी येत नाही. वरच्या दुधावर बाळ असेल तर सहा-आठ आठवड्यांतही येते. मला थोरलीने दूध सोडल्यावरच आली, धाकट्याच्या वेळी पाचव्या महिन्यातच. दोघंही अंगावरच होती.

शेकशेगडी:
डाग म्हणजे गर्भाशय साफ झालं नाही. बाळंतकाढा अर्धवट सोडला असणार. शतावरी कल्प सुरू कर, दूधही वाढेल.

मधुमालती:
सात महिन्यांनी कसलं साफ व्हायचंय? बाळंतपणानंतरचं अंगावरून जाणं साधारण सहा आठवड्यांत आटपतं. आणि तिने दुधाबद्दल कुठे विचारलंय?

शेकशेगडी:
आमच्या घरात चार पिढ्या काढ्यावर वाढल्या. असो.

निवांतनाना:
पाजते आहे तोवर दिवस राहायची भीती नाही, निर्धास्त राहा. आम्ही पाचही भावंडं तीन-तीन वर्षांच्या अंतराने झालो.

कृष्णाकाठ:
नाना, कुणाला असं सांगू नका. बाळ सहा महिन्यांच्या आतलं हवं, पाळी आलेली नको आणि दिवसरात्र फक्त अंगावरचं दूध हवं. तिन्ही असतील तर 98 टक्के भरवसा. हिच्या बाबतीत एकही नाही. शिवाय बीज पाळीच्या आधी सुटतं, म्हणजे पाळी न येताही दिवस राहतात. माझ्या जावेचं तसंच झालं. उलट्या होत होत्या आणि ही पित्त समजून ओवा चघळत बसली.

सोनटक्का:
माझे केस मुठीने गळताहेत, बाळ चार महिन्यांचं. कांद्याचा रस लावू का?

मधुमालती:
सोनटक्का, वेगळा धागा काढा. पिल्लूचीआई, तांबी बसवली आहे का? काही औषध चालू आहे?

पिल्लूचीआई:
काही नाही. माहेरी दीड महिन्याच्या तपासणीला सरकारी दवाखान्यात अंतरा का कायसं इंजेक्शन दिलं होतं. पाजणारीला चालतं म्हणाल्या सिस्टर. पण ते दिवस राहू नयेत म्हणून होतं, पाळीसाठी नाही.

कृष्णाकाठ:
अगं बाई! हे पहिल्याच ओळीत यायला हवं होतं. अंतराने पाळीचं वेळापत्रक बिघडतंच. अवेळी डाग पडतात, कुणाची पाळी बंदही होते. त्याने घाबरायचं कारण नाही. पण ते दर तीन महिन्यांनी घ्यायचं असतं. दुसरं घेतलंस का?

पिल्लूचीआई:
कार्ड आईकडे राहिलं. इकडे आल्यावर कोण लक्षात ठेवणार? आत्ता तिने फोटो पाठवला. दुसऱ्याची तारीख बाळ साडेचार महिन्यांचं असतानाची आहे. पण लग्नाचं काय?

मधुमालती:
तारखेनंतर चार आठवड्यांपर्यंत चालतं, तेही उलटून गेले. इंजेक्शनचा अंमल पुढेही काही महिने रेंगाळतो, त्यामुळे डाग त्याचेच असू शकतात. पण आधी प्रेग्नन्सीचं किट आणून सकाळची पहिली लघवी तपास. निगेटिव्ह आलं तरी कार्डाचा फोटो घेऊन डॉक्टरकडे जा. बाळ पितंय, गोळी मनाने नको. तासाला एक पॅड भिजायला लागलं तर लग्नबिग्न सोडून त्याच दिवशी जा.

निवांतनाना:
आमच्याकडे नुसते डाग असले तर धरत नाहीत.

शेकशेगडी:
देवकाला चालत नाही नाना. थोरल्यांना विचारा.

सोनटक्का:
मी पाळीतच गौरी बसवल्या, काही झालं नाही. कांद्याच्या रसाचं कुणी सांगेल का?

पिल्लूचीआई:
यांना किट आणायला पाठवलं तर मेडिकलवाला ओळखीचा निघाला म्हणून डायपर घेऊन परत आले. ऑनलाइन मागवलंय, उद्या येईल. तोवर गोळीचं नाव तरी सांगून ठेवा.