बेळगावात कॅन्सर हॉस्पिटलं झाली, आता त्यांचे आकडे कोण मागणार?

तिसरं रेल्वेगेट
पूर्वी आपल्याकडं कॅन्सर म्हटलं की पिशवी भरायची, कोल्हापुरातून महालक्ष्मी एक्स्प्रेस पकडायची आणि परळचं टाटा हॉस्पिटल गाठायचं. नाहीतर राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं बेंगळूर, तिथलं किडवाई कॅन्सर हॉस्पिटल. आता मिरज, कोल्हापूर, हुबळी सगळीकडं सोय आहे. जानेवारी २०२५ मध्ये बेळगावातच केएलईच्या कॅन्सर हॉस्पिटलचं उद्घाटन राष्ट्रपतींच्या हस्ते झालं. चांगलंच झालं. खरं खाटा किती नि मशीन कुठलं एवढंच सगळे सांगतात. उपचार नियमानं होतात का, वेळेत होतात का, सुरू केलेल्यांतले किती जण पुरे करतात, हे कुणी छापत नाही.

एक उदाहरण घ्या. तोंडाच्या कॅन्सरची गाठ लहान आहे, मान हाताला साफ लागते. तरी त्याच ऑपरेशनमध्ये मानेतल्या लसिकाग्रंथी, म्हणजे कॅन्सर जिथं आधी पसरतो त्या बारीक गाठी, काढायच्या, की पुढं काही दिसलं तर बघायचं, यावर सर्जन लोकांत कित्येक वर्षं वाद होता. टाटा मेमोरियलनं चाचणी करून २०१५ मध्ये उत्तर दिलं. आधीच काढलेल्यांत तीन वर्षांनी ८० टक्के जिवंत, वाट बघितलेल्यांत ६७.५ टक्के. नवं औषध नाही, नवं मशीन नाही. मग गेल्या वर्षी आपल्या भागात अशी जी ऑपरेशनं झाली, त्यांत कितीजणांच्या मानेच्या गाठी काढल्या? पॅथॉलॉजीच्या रिपोर्टात किती गाठी तपासल्या ते लिहिलंय का? ज्यांना नंतर रेडिएशन लागतं, त्यांचं सहा आठवड्यांत सुरू झालं का? हे हॉस्पिटलवार जाहीर करायची सक्ती हवी. दहावीचा निकाल शाळेवार कळतो, तसा.

ओपीडीतला
दहावीचं तुम्हीच काढलंत म्हणून बोलतो. निकाल शंभर टक्के लावायला कच्च्या पोरांना नववीतच बसवतात, हे ठाऊक आहे ना? हॉस्पिटलंही तेच करतील.

आमच्याकडं येणारा पेशंट कसा असतो बघा. तोंडात दोन बोटं जात नाहीत. दात हलतोय म्हणून कुणीतरी दात काढलेला, जखम भरेना म्हणून गोळ्या बदलत राहिलेल्या, आणि गाल बाहेरून फुटायला आला की मग आमचं दार. आकडे छापायचे म्हटल्यावर अशा माणसाला कोण हात लावणार? "मुंबईला न्या" म्हणून चिठ्ठी मिळेल, आणि वाईट केस नाकारणारा यादीत वर बसेल.

तिसरं रेल्वेगेट
डॉक्टर, मी मेलेले किती ते विचारतच नाहीये. केलेलं काम विचारतोय. रिपोर्टात गाठींचा आकडा लिहायला पेशंट लवकर आलेला असावा लागतो का?

किल्ला तलाव
सगळं ठीक आहे ओ, खरं मुळात हात घाला की. कर्नाटकात २०१३ पासून गुटखा बंद आहे. पानपट्टीवर मसाल्याची पुडी वेगळी, तंबाखूची वेगळी, तोंडात गेल्यावर एकच. हॉस्पिटलांचे आकडे मोजून कुणाचं तोंड वाचणार?

तिसरं रेल्वेगेट
त्यावर वेगळा धागा काढा, पहिली सही माझी.

निपाणीकरीण
आमच्या निपाणीत तंबाखूवर काय बोलायचं? १९८१ चं आंदोलन झालं तेही तंबाखूच्या भावासाठीच. अर्धा गाव त्यावर जगलाय. म्हणून मूळ सोडा, माणसाचं बोलूया.

आमच्या नात्यातल्या एक मावशी, सगळी हयात विड्या वळल्या. छातीत गाठ आली. कोल्हापूर जवळ म्हणून सुईचा तुकडा तिकडं काढला. पुढं सरकारी योजनेचं कार्ड कुठलं चालतंय ह्या घोळात केमोसाठी इकडच्या एका दवाखान्यात आल्या. इथं म्हणाले, नुसता रिपोर्ट नको, तपासलेल्या तुकड्याची काचेवरची स्लाइड आणि मेणात बसवलेला ब्लॉक आणा. कोल्हापूरवाले म्हणाले, ब्लॉक पेशंटच्या सहीशिवाय मिळत नाही. मावशींना तापात एसटीत बसवून परत न्यायचं का? मग सगळी तपासणी नव्यानं. चौथ्या केमोनंतर त्यांनीच सोडून दिलं.

आता सांगा, ही अर्धवट सोडलेली केस कुठल्या दवाखान्याच्या खात्यावर लिहिणार? कोल्हापूरच्या लेखी बाई तपासून गेली. इकडच्या लेखी यायची थांबली. आणि जिल्ह्याची कॅन्सर नोंदणी असते तिथं फक्त त्या जिल्ह्यातले रहिवासी धरतात. म्हणजे कोल्हापुरात उपचार घेतलेला निपाणीचा माणूस तिथल्या नोंदणीत बसत नाही.

मलप्रभाकाठ
ह्यालाच म्हणतात सीमाभाग. २०२३ मध्ये महाराष्ट्रानं आपली महात्मा फुले आरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू केली, कर्नाटक सरकारनं लगेच विरोध केला. आमच्या खानापूर तालुक्यात माणूस आजारी पडला की आधी राज्य ठरवायचं, मग डॉक्टर.

किल्ला तलाव
आला सीमाप्रश्न! दहा प्रतिसादसुद्धा झाले नाहीत.

मलप्रभाकाठ
ज्याच्या घरात फाईल आहे त्याला विचारा.

ओपीडीतला
ताई, ब्लॉक परत मागणं हे छळायला नसतं. एकदा वाचलेली स्लाइड दुसऱ्यानं वाचली की कधीकधी निदान बदलतं, मग औषधही बदलतं. खरं तो आणायचं काम पेशंटच्या गळ्यात घालणं चूक, हे मान्य.

बाकी नियम नाहीत असं नाही. २०१२ मध्ये नॅशनल कॅन्सर ग्रिड, म्हणजे कॅन्सर हॉस्पिटलांचं जाळं, झालं, आज देशभरातली तीनशेच्या वर केंद्रं त्यात आहेत. कुठल्या टप्प्याला काय करायचं हे लिहून ठेवलंय, कुणीही वाचावं. एकत्र खरेदीनं औषधांच्या किमतीही खाली आणल्या. हे सोडून निकाल छापायचं खूळ कशाला? इंग्लंडमध्ये कॅन्सरच्या संशयानं तातडीनं पाठवलेल्या पेशंटचा उपचार ६२ दिवसांत सुरू व्हावा, शंभरातल्या ८५ जणांचा तरी, असं उद्दिष्ट आहे. आकडे दर महिन्याला छापतात. गेली दहा वर्षं ते गाठता आलेलं नाही.

तिसरं रेल्वेगेट
छापतात म्हणूनच तर तुम्हाला बेळगावात बसून कळलं. आपल्याकडं किती दिवस लागतात सांगा बघू.

आणि नियम लिहिलेत म्हणजे पाळले असं कुठं आहे? ग्रिडमध्ये नाव असणं आणि त्यातलं रोज करणं ह्यातलं अंतर तुम्हीच रोज बघत असाल. नुसतं मोजून काय होतं म्हणाल तर बार्शी बघा. १९८७ पासून तिथं खेड्यांतली कॅन्सर नोंदणी चालते. नोंद करणारे गावोगाव जाऊन लक्षणं सांगत गेले, तशा गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या बायका लवकरच्या टप्प्यात दवाखान्यात यायला लागल्या.

ओपीडीतला
बार्शीत माणसं नेमली होती. इथं माझ्याकडं कोण आहे? एक ऑपरेटर, तो दिवसभर सरकारी आरोग्य योजनेचे क्लेम भरतोय.

निपाणीकरीण
डॉक्टर, मग तोच तर आकडा की! बायोप्सीचा रिपोर्ट लावल्याशिवाय मंजुरी नाही, प्रत्येक केमोचा क्लेम वेगळा, तारखेसकट. मावशींची फाईल मीच सांभाळत होते म्हणून माहीत. निदानापासून पहिल्या केमोपर्यंत किती दिवस, आणि किती जण मध्येच गळले, हे सरकारच्या कॉम्प्युटरात आताच पडून आहे. नवा माणूस कशाला लागतोय?

ओपीडीतला
हे बरोबर आहे. फक्त रोख पैसे भरणारे त्यात नाहीत, आणि पलीकडं गेलेलेही नाहीत.

निपाणीकरीण
म्हणजे मावशींचे कोल्हापूरचे दिवस परत बाहेरच.

मलप्रभाकाठ
दोन्ही राज्यांकडून मागायचं. आधार नंबर एकच आहे ना?

तिसरं रेल्वेगेट
सुरुवात इकडून करतो. कर्नाटकात योजना सुवर्ण आरोग्य सुरक्षा ट्रस्ट चालवतो. त्यांच्याकडं माहिती अधिकारात अर्ज टाकतोय: बेळगाव जिल्ह्यातली हॉस्पिटलं, तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर, मंजुरीची तारीख, पहिल्या आणि शेवटच्या उपचाराची तारीख. पेशंटची नावं नकोत. कन्नडमध्ये कुणी लिहून देईल का?

ओपीडीतला
मी देतो. खरं पहिल्या अर्जात हॉस्पिटलांची नावं मागू नका, जिल्ह्याची बेरीज मागा. नावं मागितलीत की अर्ज अडकला म्हणून समजा.

तिसरं रेल्वेगेट
बेरीज घेऊन काय करू? माणूस जिल्ह्यात ॲडमिट होत नाही, एका हॉस्पिटलात होतो. नावं राहू देत. अडकला तर अपील करतो.

ओपीडीतला
मग मसुदा खाजगी निरोपात पाठवा. सही मात्र तुमचीच.