मेनिंजिओमाच्या गाठीत कर्करोग शिरू शकतो, तर ती नुसती निरीक्षणाखाली ठेवावी का?

मूळ लेखन
मेंदूच्या आवरणातून उगवणारी मेनिंजिओमा ही गाठ बहुधा साधी आणि संथ वाढणारी असते, त्यामुळे लक्षणे नसल्यास ठरावीक अंतराने एमआरआय करून तिच्यावर लक्ष ठेवणे पुरेसे मानले जाते. मात्र स्तनाच्या किंवा फुप्फुसाच्या कर्करोगाच्या पेशी रक्तावाटे येऊन याच गाठीत वाढू लागल्याची उदाहरणे नोंदलेली आहेत. फुप्फुसाच्या कर्करोगाचे असे उदाहरण तर १९३० सालचे आहे. म्हणून स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्या स्त्रीच्या डोक्यातील अशी गाठ वेळीच काढावी, असे माझे मत आहे.

प्रतिसाद
असहमत. मेनिंजिओमा उतारवयातील स्त्रियांत पुष्कळ आढळतो आणि स्तनाचा कर्करोगही. तरीही एक दुसऱ्यात शिरल्याच्या नोंदी अत्यंत विरळ आहेत. कवटीच्या तळाशी किंवा मोठ्या शिरेला चिकटलेली गाठ काढताना रक्तस्राव, पक्षाघात, फिट यांचा धोका असतो, शिवाय जखम भरेपर्यंत केमोथेरपी लांबते. एवढी किंमत केवळ शक्यतेपोटी मोजायची?

मूळ लेखक
शक्यता विरळ आहे हे मान्य, पण आपला भरवसा ज्या एमआरआयवर आहे तो इथेच तोकडा पडतो. या गाठीला रक्तपुरवठा भरपूर असतो आणि मेंदूतील रक्तवाहिन्यांचा संरक्षक अडथळा तिच्यात नसतो. बाहेरच्या पेशींना तिथे थारा मिळण्याचे हे एक कारण मानले जाते, आणि त्याचमुळे ती कॉन्ट्रास्टने (एमआरआयआधी शिरेतून दिल्या जाणाऱ्या औषधाने) चित्रात सगळीकडे उजळते, मग आत दडलेला कर्करोग वेगळा दिसणार कसा? निदान बहुतेकदा शस्त्रक्रियेनंतर, पॅथॉलॉजिस्टच्या सूक्ष्मदर्शकाखालीच होते.

आणखी एक प्रतिसाद
चित्र तोकडे असले तरी वेग दिसतोच. वर्षानुवर्षे स्थिर असलेली गाठ काही महिन्यांत वाढली, भोवती सूज आली, तर काढावी, तोवर नाही. मला अधिक काळजी वाटते ती ऊतीचा तुकडा न तपासता दिल्या जाणाऱ्या रेडिओसर्जरीची (चिरफाड न करता गाठीवर नेमके किरण सोडण्याच्या उपचाराची), कारण तिथे पॅथॉलॉजिस्टच्या हाती काहीच लागत नाही. उलट चूकही तितकीच घातक आहे: कर्करोगाच्या रुग्णाच्या डोक्यातील साधा मेनिंजिओमा पसरलेला कर्करोग समजला गेला, तर बरा होऊ शकणारा रुग्ण चौथ्या, म्हणजे शेवटच्या टप्प्यात मोजला जातो.

मूळ लेखक
रेडिओसर्जरीबाबत सहमत. पण 'काही महिने' वाट पाहण्याची मुभा ट्रिपल निगेटिव्ह या वेगाने पसरणाऱ्या प्रकारच्या स्तनकर्करोगाच्या रुग्णालाही द्यावी, हे मला अजून पटत नाही.