हॉस्पिटलबाहेरचं दिवाळी फराळवाटप आणि 'फुकटचं टाकून देतात' म्हणणारे

रविवारची_मिसळ
काल इथे एकांनी फुटपाथवर टाकलेल्या फराळाच्या पुड्यांचा फोटो टाकला होता, वर लिहिलेलं "फुकटचं मिळालं की किंमत राहत नाही, पुढच्या वर्षी वाटप बंद". दोन ओळीत उत्तर देऊन माझं समाधान होईना म्हणून वेगळा धागा.

परळला कॅन्सरच्या ट्रीटमेंटसाठी आलेली माणसं आणि त्यांचे नातेवाईक फुटपाथवर कसे राहतात ते मी सांगायला नको. लक्ष्मीपूजनाला सकाळी एकामागून एक गाड्या लागतात आणि सगळ्यांत तेच, बुंदीचा लाडू, चिवडा, चकली, शंकरपाळे. ज्याचं तोंड रेडिएशनने सोलवटलंय तो चकली चावणार कशी? कित्येकांना तर नाकात नळी असते. सोबतच्या माणसाकडे फ्रीज नाही, साधा घट्ट झाकणाचा डबा नाही, रात्री उंदीर येतात. दुपारी बारालाच हातात चार पुड्या, आणि रात्री आठला गरम भात मागायला गेलं तर रस्ता मोकळा. भाऊबीज झाली की तर कुणी फिरकतच नाही. मग टाकलं तर ते माजले काय लगेच?

मंडळांनी आपसात दिवस वाटून घ्या, मऊ खिचडी आणा, आणि निघायच्या आधी तिथल्या समाजसेवा अधीक्षकांना एक फोन करून विचारा काय हवंय ते. एवढंच म्हणणं आहे.

कट्ट्यावरचा_काका
तो फोटो माझाच. आमच्या सोसायटीतल्या बायकांनी घरची भाजणी करून चकल्या पाडल्या होत्या, विकतच्या नाहीत. त्या गटारापाशी पडलेल्या बघून वाईट वाटलं, ते लिहिलं. तुम्ही लगेच आम्हाला गुन्हेगार करून टाकलंत. काही न करणाऱ्यांना मात्र कोणी विचारत नाही!

कढई_आणि_झारा
केटरिंगवाला आहे म्हणून बोलतो. फराळ निदान टिकतो तरी. खरी भीती पुलाव वाटणाऱ्यांची. पहाटे पाचला शिजवलेला भात पातेल्यात दाबून झाकायचा, ऑक्टोबरच्या उकाड्यात टेम्पोतून फिरवायचा आणि एक वाजता पिशव्या भरून वाटायच्या. घरी पोट बिघडलं तर आपण ओआरएस घेऊन झोपतो, किमोवाल्याचं काय होईल? अन्न वाफाळतं ठेवा नाहीतर तिथेच जवळ शिजवा. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली धार्मिक-सामाजिक कार्यक्रमात अन्न वाटणारेही येतात, रजिस्ट्रेशनची फी वर्षाला १०० रुपये. एका मंडळाला हे सांगितलं तर म्हणे देवाच्या कामाला लायसन कशाला.

वऱ्हाडी_ठसका
माह्या वडलांचं ऑपरेशन झालं तवा आम्ही तिथंच होतो दिवाळीत. बुवाला शुगर बी होती. जो येईल तो लाडूच देऊन राह्यला, नाही म्हणाव तर लोकं नाराज. आहारवाल्या मॅडम रोज सांगत, प्रोटीन द्या, अंडे द्या. मंग वाटा ना उकडलेले अंडे! मऊ असते, सालीत बंद असते, कोनाचा हात बी लागत नाही.

सात्त्विक_पुणेकर
लक्ष्मीपूजनाच्या दिवशी अंडी वाटायची? कमाल आहे. अन्नदान म्हणजे प्रसाद असतो, देणाऱ्याच्या श्रद्धेलाही काही मान आहे की नाही?

वऱ्हाडी_ठसका
पेशंट तुमच्या श्रद्धेनं बरा होत असन तर द्या लाडू.

भाऊबीजेचं_मटण
हेच शाळेत झालं. २०२३ मध्ये पोषण आहारात अंडं सुरू केलं, कोणाच्या तरी भावना दुखावल्या, २०२५ च्या जानेवारीत सरकारने त्याचा निधीच काढून घेतला. पोरं गरिबांची आणि ताट ठरवणार कोण, तर ज्यांच्या घरी बदामाची पूड दुधात पडते ते. परळच्या फुटपाथवर बंगाल, आसामचे किती पेशंट असतात बघून या, त्यांना मासे-भात द्या म्हटलं तर तुम्हाला झीट येईल. आणि आमच्याकडे भाऊबीजेला मटणच असतं, आमची दिवाळी नाही का?

सात्त्विक_पुणेकर
विषय काय, चाललाय कुठे! प्रत्येक धाग्यात जात आणायचीच का?

भाऊबीजेचं_मटण
जातीचं नाव मी घेतलंच नाही. तुम्हाला बरोबर ऐकू आलं.

गोदाकाठ
अहो, नांदेडला गुरुद्वाऱ्यात लंगर बघा एकदा. अंडं नाही, मटण नाही, डाळ-रोटीच, पण गरम, आणि तुम्ही कोण हे न विचारता मांडीला मांडी लावून बसवतात. रोज. दिवाळीपुरतं नाही. भांडण अंड्याचं नाहीये, आपण माणसाला लायनीत उभं करून हातात पुडी कोंबतो आणि फ्लेक्ससमोर फोटो काढतो त्याचं आहे. आमच्या वॉर्डात एक भावी नगरसेवक आहेत, त्यांच्या फराळाच्या पाकिटावर त्यांचा चेहरा लाडवापेक्षा मोठा. चार वर्षं भावीच आहेत.

कढई_आणि_झारा
माझं ऐका, शिजवूच नका. शिवभोजन २०२० ला सुरू झालं तेव्हा गिऱ्हाईकाकडून १० रुपये आणि शहरात सरकारकडून ताटामागे ४० अशी सोय होती. थाळीकेंद्र चालवणारे बिलं थकल्याची ओरड करतात ते सोडा, पण पद्धत चांगली. जवळच्या खानावळीत पैसे भरा आणि कुपनं वाटा. ज्याला हवं तेव्हा जाईल, अंडाकरी खाईल नाहीतर वरणभात. दोन्ही पार्ट्या खूश.

कट्ट्यावरचा_काका
आणि कुपन विकून गुटखा खाल्ला तर?

रविवारची_मिसळ
दहातला एक विकेल. तुमच्या चकल्यांचं गटारात गेलेलं प्रमाण त्याहून कमी होतं का? तुम्हीच फोटो टाकलाय.

कट्ट्यावरचा_काका
बरं बाई, जिंकलात. पुढच्या वर्षी चकली नाही. पण कुपनाला सोसायटीत वर्गणी निम्मी होईल हे आत्ताच सांगून ठेवतो. लोकांना पुडी हातात देतानाचं समाधान पाहिजे असतं, खानावळीच्या गल्ल्यावर पैसे भरण्यात कसली मजा. आमच्या मीटिंगला या तुम्हीच समजवायला, रविवारी अकराला, चहा मिळेल.

रविवारची_मिसळ
येते. फक्त कुपनावर दिवाळीची तारीख छापू नका, पुढचा महिनाभर चालू दे. आणि अंड्याचं काय ते दुसऱ्या धाग्यावर न्या आता, प्लीज.

सात्त्विक_पुणेकर
कुपनाला माझी हरकत नाही. पण त्या खानावळीत शाकाहारी भांडी वेगळी आहेत का, एवढं विचारून घ्या.

वऱ्हाडी_ठसका
घ्या. झालं सुरू.