मदत हवी आहे: व्हॅक्युम पंपाच्या खालच्या नटासाठी वाकडा पाना

नमस्कार मंडळी. मी बाहेरगावी सेस्ना १७२ या छोट्या विमानांच्या देखभालीचं काम करतो. चार दिवस सुट्टीवर कोल्हापुरात आलोय, परत जाताना एक पाना करून न्यायचा आहे आणि तिथंच घोडं अडलंय.

इंजिन लायकॉमिंगचं. मागच्या बाजूला व्हॅक्युम पंप चार नटांवर बसतो, नटांना ७/१६ इंचाचा पाना लागतो. वरचे दोन सहज निघतात. खालच्या एकाला पंपाची बॉडी इतकी खेटून आहे की सॉकेट बसतच नाही. तोंड १५ अंश तिरकं असलेला पाना उलटसुलट करत गेलं तरी दर खेपेला ३० अंश फिरायला हवा, मला होज (रबरी नळी) आडवा येऊन जेमतेम २५ मिळतात. आजवर स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं ढकलत काढलाय. बोटांची सालं निघतात ती वेगळी.

उद्यमनगरात वर्गमित्राचं शेड आहे. त्यानं जुना पाना निम्मा कापला, तोंड ग्राइंडरवर पातळ केलं, निळं पडू नये म्हणून सारखं पाण्यात बुडवत. इथवर झकास. मग बाक द्यायला गॅसवर लालबुंद केला आणि सवयीनं पाण्यात टाकला. व्हाइसमध्ये धरून हलकेच ठोकला, तर टचकन दोन तुकडे! दुसरा राखेत निवू दिला, तर तो इतका मऊ की नटावर जोर लावताच तोंड फाकलं. मित्र म्हणतो, "आम्ही गुऱ्हाळाच्या चरकाची कामं करणारी माणसं, हे घड्याळाचं काम कुठनं आणलंस?"

तर क्रोम व्हॅनेडियमचा पाना वाकवल्यावर पाणी कसं द्यायचं? की तोंडाला ओलं फडकं गुंडाळून नुसता दांडाच तापवायचा?

दुसरं, टॉर्कचं, म्हणजे नट मोजून किती आवळायचा त्याचं. तोंड २ इंच पुढं गेलं तर १० इंची टॉर्क पान्यावर ९६ इंच-पाउंडांसाठी ८० लावायचे, काटकोनात धरलं तर ९६ च, एवढं कळतं. पण वाकड्या दांड्याला टॉर्क पाना बसायला चौकोनी भोक कुणी वेल्ड करून जोडलंय का? टिकतं का?

वॉशर धरायला चुंबकाची काडी कृपया सुचवू नका. आमचे वॉशर स्टेनलेसचे आहेत, चिकटत नाहीत. आणि हो, पान्यावर नंबर कोरून तो टूल बोर्डावर टांगणारच आहे, नाहीतर एखाद्या दिवशी काउलिंगमध्येच (इंजिनावरच्या झाकणात) राहायचा.

शेड उद्या संध्याकाळपर्यंत उघडं आहे, जुने पाने अजून तीन उरलेत.