माफ केलं म्हणता, मग नाताळात त्याचं दार का वगळता?

ऐरोलीकर:
आमची मंडळी, म्हणजे चर्चमध्ये एकत्र येणारी माणसं, लहान. ऐरोलीत शाळेचा हॉल भाड्याने घेऊन दर रविवारी उपासना होते. तीन वर्षांपूर्वी माझ्या आतेभावाने इमारत निधीतले 14,000 रुपये वापरले. बायकोचं ऑपरेशन होतं. कोणाला विचारलं नाही. चूकच. पण कोणाच्या लक्षात यायच्या आधी स्वतःच पाळकसाहेबांकडे गेला, मंडळीपुढे उभं राहून कबूल केलं, आठ महिन्यांत सगळे फेडले. "प्रभूने तुला क्षमा केली," म्हणत सगळ्यांनी हात हातात घेतले. प्रभूने केली असेल. मंडळीने?

यंदा घरोघरी नाताळची गाणी म्हणत फिरणारे कॅरोलवाले त्याच्या सेक्टरात आले. वहिनीने खिडकीत तारा लावलेला, करंज्या ताटात काढून ठेवलेल्या. शेजारच्या बिल्डिंगीत दोन गाणी म्हणून निघून गेले. यादीत ह्यांचं नावच नव्हतं.

जुना खजिनदार:
वाईट वाटलं. पण मी अकरा वर्षं दानाची पेटी सांभाळली आहे. त्यात धुणीभांडी करणाऱ्या बायांचे दहा-दहा रुपये असतात. क्षमा वेगळी, परत पेटीची किल्ली हातात देणं वेगळं. बायबलमधला जकातदार जक्कय लुबाडलेल्यांना चौपट परत करायला निघाला होता, तुमच्या भावाने घेतले तेवढेच दिले. आणि न ऐकणाऱ्या भावाला परका समजा, हेही बायबलातच, मत्तय 18 मध्ये आहे.

कळव्याची सून:
काका, किल्ली मागितली कोणी? करंजी खायला या, एवढंच ना! मत्तयातला तो माणूस न ऐकणारा आहे, हा तर आपल्या पायांनी चालत आला. त्याच अध्यायात पुढे येशूच्या गोष्टीतला तो चाकर आहे, स्वतःचं डोंगराएवढं कर्ज माफ झाल्यावर शंभर दीनारांसाठी सोबत्याचा गळा धरणारा. दीनार म्हणजे एका दिवसाची मजुरी.

आमच्याकडे एका बड्या देणगीदाराने हॉलच्या पैशांचा हिशेब दोन वर्षं दिला नाही. पहिल्या रांगेत बसतो अजून. शिस्त काय ती भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांनाच?

जुना खजिनदार:
त्या देणगीदारालाही काढा, मी कुठे नको म्हणतो? पण शिष्यांच्या पैशांची थैली येशूला दगा देणाऱ्या यहूदाकडे होती, पुढे काय झालं ठाऊक आहे ना?

ऐरोलीकर:
ठाऊक आहे. तो थैलीतलं चोरायचा, हे योहान 12 मध्ये स्पष्ट लिहिलंय. तरी शेवटच्या भोजनापर्यंत थैली त्याच्याकडेच होती, आणि ताटातला घास प्रभूने स्वतः बुडवून त्याला दिला.

सानपाडा 705:
प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या मंडळीला पत्र लिहून एका माणसाला बाहेर काढायला सांगितलं. दुसऱ्या पत्रात मात्र लिहिलं की शिक्षा पुरे झाली, आता क्षमा करा, नाहीतर तो माणूस दुःखात बुडून जाईल. हा तोच माणूस का, यावर वाद आहे. पण 'पुरे' कधी म्हणायचं, हे आपल्या कमिट्यांना कोणी शिकवतच नाही.

जुना खजिनदार:
यादीत नाव हवं होतं, एवढं मान्य. किल्लीवर मी ठाम.

ऐरोलीकर, एक विचारू? त्या रात्री कॅरोलमध्ये तुम्ही होतात का?

ऐरोलीकर:
होतो. ढोलकी माझ्याच गळ्यात होती. तारा खालून दिसत होता.